‘मदत हवी’ असं अर्जात लिहायचं की नाही?

पत्र : माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजीत शिकली, दहावीला ९४ टक्के होते. तिला भूजलाचा, जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचा आहे आणि त्यासाठी अमेरिकेत पदवीला जायचं तिच्या मनात आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दोघांचं मिळून वर्षाला तेरा लाखांच्या आसपास येतं. सासू-सासरे आमच्याजवळ असतात, धाकटा नववीत आहे. पुण्यातल्या एका सल्लागाराने तीन लाख फी सांगितली. तो म्हणाला, ‘आर्थिक मदत हवी का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहा, नाहीतर अ‍ॅडमिशन होत नाही. एकदा मुलगी तिथे पोचली की मदत मिळतेच. बँकेत पैसे दाखवायची सोयही तोच करणार आहे, निबंधही त्यांचीच माणसं लिहितात. मिस्टर म्हणतात, परक्यांपुढे हात पसरण्यापेक्षा घर गहाण ठेवू. मुलगी हल्ली या विषयावर गप्पच असते. सुट्टीत आजोबांच्या शेतावर गेली की विहिरीचं पाणी मोजत बसते, तेवढंच. काय करावं? — एक आई, बार्शी

ताई,

आधी उत्तर देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. त्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहा. घर गहाण ठेवू नका. तीन लाख देऊ नका. आणि ते विहिरीचं पाणी मोजणं, जे तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकलंत, त्याबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे.

तो सल्लागार जे म्हणाला त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज वाचताना त्याला किती मदत लागणार हेही बघतात. त्याला तिकडे ‘नीड-अवेअर’ म्हणतात. परदेशी मुलांच्या मदतीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते, ती संपत आली की चांगली मुलंसुद्धा मागे राहतात. मोजकी कॉलेजं मात्र ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. प्रवेशाचा निर्णय घेताना ती तुमच्या पैशांकडे बघत नाहीत, आणि निवड झाली की जेवढं कमी पडतं तेवढं सगळं देतात. परदेशी मुलांनाही हा नियम लावणाऱ्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन ही नावं येतात. म्हणजे ‘मदत मागितली की संधी कमी होते’ हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे.

पण ‘एकदा आत गेली की मदत मिळते’ हे खरं नाही, आणि या वाक्यावर विसंबून घरं बुडालेली आहेत. अनेक कॉलेजांचा लेखी नियम असतो की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं त्याला ती मागता येणार नाही. स्टॅनफर्डचा नियम असाच आहे. पहिल्या वर्षी ‘नाही’ लिहिलं की दार चार वर्षांसाठी बंद होतं.

माझ्या ओळखीतल्या एका घरात हे झालं आहे. मुलगा हुशार, वडील सूतगिरणीत सुपरवायझर. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी ‘नाही’ लिहिलं. प्रवेश मिळाला, पेढे वाटले, गावात फ्लेक्स लागला. पहिल्या सत्राचे पैसे वडिलांनी पीएफ आणि आत्याच्या ठेवी मोडून भरले. मग मुलाने कॉलेजच्या मदत विभागाला मेल पाठवला. दोन ओळींचं, अगदी सभ्य भाषेतलं उत्तर आलं: नियमानुसार आपण पात्र नाही. दुसऱ्या सत्राची फी भरता आली नाही आणि मुलगा जानेवारीत परत आला. फ्लेक्स तेव्हाही चौकात होता. त्या घरातल्यांनी ‘हो’ लिहायचं का असं मला आधी विचारलं होतं, आणि तेव्हा या विषयातलं मला पुरेसं कळत नव्हतं. आज कळतं, म्हणून एवढं ठासून सांगते आहे.

आता हिशेब. अमेरिकेतल्या चांगल्या खासगी कॉलेजात ट्यूशन म्हणजे शिकवण्याची फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं असा सगळा खर्च वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो, काही ठिकाणी त्याहून जास्त. ८८ हजार धरा आणि डॉलर ९० रुपयांचा धरा: एका वर्षाचे ७९ लाख. चार वर्षांचे तीन कोटींच्या वर, आणि फी दरवर्षी वाढते ती वेगळीच. घर गहाण ठेवून ५० लाख उभे केलेत, तरी पहिलं वर्ष पुरं होण्याआधी ते संपतील. मिस्टरांना हे आकडे कागदावर दाखवा. त्यांचा स्वाभिमान मला कळतो, पण एका वर्षालाही न पुरणाऱ्या पैशांसाठी सासू-सासऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावायचं, हा व्यवहार कोणत्याच अर्थाने बरोबर नाही.

म्हणून कॉलेजांची नावं काढण्याआधी एक काम करा. तुम्ही, मिस्टर आणि मुलगी, तिघं वही घेऊन बसा. धाकट्याचं शिक्षण, म्हाताऱ्यांची औषधं, दुकानाचं खेळतं भांडवल, तुमच्या निवृत्तीची तरतूद, यांतल्या कशालाही हात न लावता दरवर्षी मुलीसाठी किती काढता येतील? चार लाख? पाच? जो आकडा निघेल तो मोठ्या अक्षरात लिहा. चार लाख म्हणजे साधारण साडेचार हजार डॉलर. तुमचं सगळं नियोजन या आकड्याभोवती फिरेल, आणि प्रत्येक अर्जात हाच आकडा जाईल.

हा आकडा हाताशी असला की फसवी अभिनंदनपत्रं ओळखता येतात. पुष्कळ विद्यापीठं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतात आणि पत्रात ठळक लिहितात: आपल्याला वर्षाला २५,००० डॉलर मंजूर झाले आहेत. आपल्याकडे साडेबावीस लाख ऐकल्यावर डोळ्यांत पाणी येतं. पण तिथला खर्च ६५ हजार असेल तर ४० हजार उरले, म्हणजे वर्षाला ३६ लाख, ते तुमचे तुम्ही भरायचे. पत्रात किती मिळाले ते नंतर बघा. आधी किती उरतात ते काढा. सरकारी विद्यापीठांत तर परदेशी मुलाला गरज बघून मदत क्वचितच मिळते. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं नावाजलेली आहेत, पण तुमच्या परिस्थितीत त्या अर्जांची फी वाया जाईल. अमेरिकन सरकारची जी मदत असते, तिचा फाफ्सा नावाचा फॉर्म तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसाठी असतो. कुणी तो भरून देण्याचे पैसे मागितले तर सरळ उठून या.

आता मिस्टरांच्या ‘हात पसरण्या’बद्दल. त्यांच्या पिढीत कॉलेजला गेलेल्या किती मुलांनी ई.बी.सी.चा फॉर्म भरला असेल? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि फी माफ व्हायची. त्याला कुणी भीक म्हणालं नाही. त्याच्या आधीची पिढी तर वार लावून जेवली आणि शिकली. अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांकडे माजी विद्यार्थ्यांनी आणि दानशूरांनी शंभर-दोनशे वर्षांत दिलेल्या देणग्यांचे मोठे निधी आहेत, आणि त्यांच्या उत्पन्नातून ही मदत दिली जाते. तिथल्या अमेरिकन मुलांतलीही निम्मी-अर्धी त्याच खिडकीवर उभी असतात. संपूर्ण छापील फी भरणारी मुलं अशा पुष्कळ कॉलेजांत अल्पसंख्य आहेत.

आणि ज्यांना अजूनही संकोच वाटतो त्यांना मी आनंदीबाई जोशींची आठवण करून देते. १८८३ मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेत पोचली आणि तिने पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. वय किती, कोणकोणत्या भाषा येतात, जातीतल्या आणि ओळखीतल्या लोकांचा विरोध पत्करून आपण इथवर कशासाठी आलो, हे सगळं तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. ते पत्र आजही फिलाडेल्फियातल्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. आज तुमच्या मुलीला जो अर्ज करायचा आहे तो मुळात त्याच जातीचा आहे: मी कोण, मला काय शिकायचं आहे, माझ्याजवळ काय आहे आणि काय नाही.

मदतीचा जो मुख्य फॉर्म असतो त्याला सी.एस.एस. प्रोफाइल म्हणतात. तो कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि पहिल्या कॉलेजासाठी २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर पडतात. हे पैसेही जड असतील तर कॉलेजला मेल करून विचारा. काही कॉलेजं माफीचा कोड देतात, काही परदेशी मुलांसाठी वेगळा मोफत फॉर्म चालवून घेतात. मात्र हा फॉर्म अमेरिकन घर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे. आपलं घर त्यात बसवताना माणूस गोंधळतो, म्हणून कुठे काय लिहायचं ते सांगते.

तुमचा पगार सोपा आहे: फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा. दुकान अवघड. आय.टी.आर.मध्ये जे दाखवलं आहे आणि घर ज्यावर चालतं ते, यांत फरक असेल तर तो इथे बाहेर येतो. कारण परदेशी कुटुंबांना हा फॉर्म घरखर्चही विचारतो: किराणा, वीज, शाळेची फी, औषधं, गाडीचं पेट्रोल. उत्पन्न पाच लाख आणि खर्च नऊ लाख असं दिसलं की तिथला अधिकारी विचारणारच, वरचे चार लाख कुठून आले? म्हणून खरा आकडा लिहा, आणि त्याच्याशी जुळणारी कागदपत्रं जोडा.

सासऱ्यांची जमीन हा दुसरा गुंता. सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव आहे, वाटण्या झालेल्या नाहीत, दोन दीर आणि नणंदा हिस्सेदार आहेत, असं असेल तर ती जमीन तुमच्या मालकीची मालमत्ता म्हणून लिहू नका. पण दडवूही नका. शेवटी ‘विशेष परिस्थिती’साठी मोकळी जागा असते. तिथे साध्या इंग्रजीत लिहा की जमीन आजोबांच्या नावावर आहे, बागायती आहे की कोरडवाहू, गेल्या तीन वर्षांत तिच्यातून किती उत्पन्न आलं, आणि सासू-सासऱ्यांचा सगळा खर्च आम्ही करतो. तिकडे आजी-आजोबा सहसा वेगळे राहतात. एका पगारावर आणि एका दुकानावर सहा माणसं जेवतात हे तिथल्या माणसाला आपोआप कळत नाही, ते लिहावं लागतं. सोनं, एल.आय.सी., मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली एफ.डी. हेही लिहायचं. ‘लग्नासाठी’ हे कारण तिथे चालत नाही; ती रक्कम तुमची बचत म्हणून धरली जाते. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

बँकेत पैसे ‘दाखवायच्या सोयी’बद्दल मी कठोर बोलणार आहे. चार दिवसांसाठी कुणाचे तरी पैसे खात्यात फिरवून दाखला काढायचा, याला तिकडे खोटी माहिती देणं म्हणतात, आणि व्हिसासाठी दिलेली खोटी कागदपत्रं उघडकीला आली तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. उलट बाजूचं खोटंही तितकंच महागात पडतं. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलाला अटक झाली. पूर्ण मदत मिळावी म्हणून त्याने वडील हयात असताना त्यांच्या मृत्यूचा खोटा दाखला तयार केला होता. त्याला विद्यापीठातून काढलं आणि भारतात परत पाठवलं. तुमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही, ताई. एक शिक्षिका आणि एक दुकानदार आपल्या मुलीला शिकवू पाहतात, ही परिस्थिती जशी आहे तशी लिहिली तरी पुरेशी आहे.

आता विहीर.

तुमची मुलगी पाणी कसं मोजते, हे मी तुम्हाला फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही हसून सांगितलंत: दोरीला हात-हातावर गाठी बांधल्यात, खाली दगड बांधलाय, दगड तळाला टेकला की वर ओढून ओल्या गाठी मोजते. आठवीपासून. शाळेच्या शंभरपानी वहीत तारीख, गाठी, पाऊस पडला का, शेजारच्या बोअरची मोटर चालू होती का. तारखा सलग नाहीत, कारण ती सुट्टीतच जाते. पण मधल्या काळात आजोबा शेतावर जातात तेव्हा मोजतात आणि त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहून ठेवतात. एका पानावर तिने पेन्सिलीने प्रश्न लिहिलाय: पाऊस जास्त झाला त्या वर्षी उन्हाळ्यात पाणी कमी का?

ताई, त्या सल्लागाराने तुम्हाला निबंधासाठी पुण्यातल्या एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं असेल, सगळे सांगतात. अर्ज वाचणारी माणसं अशी प्रमाणपत्रं दिवसाला शेकड्यांनी बघतात. चार वर्षांची अशी वही त्यांच्या टेबलावर क्वचित येते. कॉमन अ‍ॅप नावाच्या अर्जात मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो. तो तिने स्वतः लिहावा, त्या पेन्सिलीच्या प्रश्नापासून सुरुवात करून. इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालेल, पण गाठी तिच्या हाताच्या असल्या पाहिजेत. भाड्याने लिहिलेला निबंध गुळगुळीत असतो आणि त्यात आजोबा नसतात. तुम्ही इंग्रजीच्या चुका दाखवा, वाक्यं बदलू नका.

याच अर्जात शाळेबाहेरच्या दहा गोष्टी लिहायला जागा असते. धाकट्याचा अभ्यास घेणं, दुकानात महिन्याचा हिशेब जुळवणं, आजीला दवाखान्यात नेणं, हे सगळं तिथे लिहायचं. आपल्या मुली घरकामाला काम समजत नाहीत म्हणून ती जागा रिकामी सोडतात.

कॉलेजांची यादी दहा-बारांची करा. नीड-ब्लाइंड मोठ्या नावांतली दोन-तीन ठेवा, पण त्यांच्यावर मदार ठेवू नका. तिथे शंभर अर्जांमागे दहासुद्धा घेत नाहीत, आणि परदेशी मुलांचं प्रमाण त्याहून कमी. मधल्या फळीत अशी छोटी कॉलेजं आहेत जी प्रवेश देताना गरज बघतात, पण एकदा घेतलं की पूर्ण गरज भागवतात. आयोवातलं ग्रिनेल, मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर, आणि खास मुलींची अशी मॅसॅच्युसेट्समधली स्मिथ आणि माउंट होलिओक. आपल्याकडे ही नावं कुणाला माहीत नसतात, शेजारी विचारतील ‘हे कुठलं?’ विचारू द्या. तिथे एका वर्गात वीस-पंचवीस विद्यार्थी असतात, प्राध्यापक नावाने ओळखतात, आणि या कॉलेजांतून मोठमोठ्या विद्यापीठांत पीएचडीला मुली जातात. स्मिथ आणि माउंट होलिओककडे मुद्दाम लक्ष द्या. कॉर्नेलमध्ये भारतीय मुलांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे, गरज बघून दिली जाते; एका वेळी साधारण वीस विद्यार्थी तिच्यावर शिकत असतात. आणि केंटकीतलं बेरिया कॉलेज कुणाकडूनच ट्यूशन घेत नाही, पण तिथल्या प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजात काम करावं लागतं. रयतमध्ये कुणी शिकलेलं असेल घरात तर त्यांना हे लगेच कळेल; कर्मवीर अण्णांची ‘कमवा आणि शिका’ आहे ती. परदेशी मुलं ते थोडीच घेतात, पण अर्ज जरूर करा.

‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक प्रकार आहे. १ नोव्हेंबरच्या सुमारास एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि घेतलं तर तिथेच जाण्याचं वचन द्यायचं. नीड-अवेअर कॉलेजांत याने संधी थोडी वाढते. तुमच्या मुलीसाठी मी तो वापरीन, पण पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजासाठीच. मिळालेली मदत खरोखरच अपुरी असली तर वचनातून मोकळं होता येतं. बाकीचे अर्ज साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, निकाल मार्चअखेर, होकार १ मेपर्यंत. म्हणजे निकाल येतील तेव्हा बोर्डाची परीक्षा होऊन गेलेली असेल, सीईटी तोंडावर असेल. त्या आठवड्यात घरात कोण काय बोलेल हे आधी ठरवून ठेवा.

सॅट, म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा, द्यावी. हार्वर्ड, ब्राउन, एम.आय.टी. यांनी ती पुन्हा सक्तीची केली आहे. इतर अनेक ठिकाणी ऐच्छिक आहे. तरीही महाराष्ट्र बोर्डाचे ९४ टक्के म्हणजे नेमके किती, हे तिकडच्या माणसाला सांगणारा दुसरा कुठलाच आकडा आपल्याकडे नसतो. इंग्रजीसाठी ड्युओलिंगोची परीक्षा घरबसल्या देता येते आणि स्वस्त पडते. पासपोर्ट काढला नसेल तर याच महिन्यात काढा.

एक गोष्ट मात्र मला काळजीत टाकते: अकरावीचे गुण. आपल्याकडे अकरावी कुणी मोजतच नाही. क्लासचं टाय-अप, हजेरी कागदावर, परीक्षा नावाला. अमेरिकन कॉलेजं नववी ते बारावी अशी चारही वर्षं बघतात. तुमच्या मुलीचे अकरावीचे गुण दहावीपेक्षा घसरले असतील तर त्याचं खरं कारण प्राचार्यांच्या पत्रात यायला हवं. आणि प्राचार्यांचं पत्र हेच एक मोठं काम आहे. ज्युनिअर कॉलेजात एका वर्गात एकशेवीस मुलं, सरांना नाव आठवत नाही, आणि शिफारसपत्र म्हणजे ‘तिची वर्तणूक चांगली आहे’ असा दाखला, एवढीच सगळ्यांची कल्पना. तिला सांगा, गणपतीच्या सुट्टीआधी दोन शिक्षकांना भेटायचं. बरोबर एक पानभर टिपण न्यायचं: या सरांच्या तासाला मी कोणता प्रश्न विचारला होता, कुठला प्रयोग फसला आणि पुन्हा केला. तिच्या वतीने तुम्ही जाऊ नका. शिक्षिका म्हणून तुमचा मान आहे, पण पत्र तिच्यासाठी आहे. प्राचार्यांनी कागद ज्युनिअर कॉलेजच्या अधिकृत मेलवरूनच पाठवावेत हे बरं. कार्यालयातल्या क्लार्कशी याच आठवड्यात बोलून तो मेल चालू आहे ना, पासवर्ड कुणाकडे आहे, हे बघून ठेवा. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. डिसेंबरच्या अखेरीला कॉलेज बंद असताना हे किरकोळ राहत नाही.

प्रवेश झाला तर पुढचे खर्च थोडक्यात: सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी म्हणून तिकडच्या नोंदणीची, फी ३५० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर, विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे. तिकीट आणि विमा मदतीत धरला आहे का, हे कॉलेजला लेखी विचारा. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगतात. राहण्या-जेवण्यासाठी मिळालेल्या मदतीवर तिकडे कर लागतो, पण भारत आणि अमेरिकेतल्या करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते. बहुतेक मुलांना हे ठाऊक नसतं. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात पहिल्याच महिन्यात विचारायला सांगा. सत्र चालू असताना आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, त्यात वरखर्च निघतो. फी निघत नाही. आणि सल्ला हवाच असेल तर एज्युकेशनयूएसए ही अमेरिकन परराष्ट्र खात्याची सेवा आहे, मुंबईत तिचं केंद्र आहे, प्राथमिक मार्गदर्शनाचे पैसे पडत नाहीत.

सगळं नीट करूनही नकार येऊ शकतात, सगळीकडून. म्हणून इथलं काहीही सोडू नका. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे, तिथली प्रवेशपरीक्षा तिने द्यावी. सीईटी द्यावी. आणि हे तिच्याशी मोकळेपणी बोला: विज्ञानात अमेरिकेतली पीएचडी बहुतेक ठिकाणी फी माफ करून वर दरमहा विद्यावेतन देते. अठराव्या वर्षी नाही जमलं तर बाविसाव्या वर्षी ती फीचा एकही रुपया न भरता जाऊ शकते, आणि तेव्हा भूजलाचं शास्त्र शिकून गेलेली असेल. मला वाटतं ती गप्प आहे ती याचसाठी. तिच्यापायी घर जाईल अशी भीती तिच्या मनात बसली आहे. घर गहाण पडणार नाही, हे तिच्या वडिलांनी तिला एकदा स्वतःच्या तोंडाने सांगावं. तुम्ही सांगून ते होणार नाही.

आणि वहीचे फोटो आजच काढून ठेवा, पान अन् पान, आजोबांच्या अक्षरातलंसुद्धा. शेतावरच्या खोलीत पावसाळ्यात कागद धरत नाही.